मोठ्यांच्या इंग्रजी वर्गात साधं वाक्य आणि जोडवाक्य: सुरुवात कुठून करावी?

सांजवर्ग_इंदूर

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत संध्याकाळी मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग घेते. अकरा जण आहेत, वय २८ ते ६०. घरी मराठी, पण शाळा बहुतेकांची हिंदी माध्यमातली. दोघी-तिघी जुन्या मराठी शाळेतल्या. आठवड्यातून दोनदा, सव्वा तास. शब्दसाठा बरा आहे, वर्तमान आणि भूतकाळ कामापुरता येतो. मुलांच्या शाळेला निरोप, बँकेत अर्ज, ऑफिसात रजेचा मेल, एवढं नीट लिहिता यावं ही अपेक्षा.

आता सिंपल आणि कम्पाउंड वाक्यं घ्यायची आहेत. व्याख्या विचारली तर घडाघडा म्हणतात, शाळेत घोटून झालीय. वहीत मात्र हे असं येतं (इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीतच लिहिते, फळ्यावर अर्थात रोमनमध्येच असतात):

१. “आय वेन्ट टु सराफा बट वॉज क्लोज्ड.”
२. “इट वॉज रेनिंग, दॅट्स व्हाय आय डिड नॉट कम.”
३. “माय सन इज गो टु स्कूल अँड आय गो टु ऑफिस.”
४. “सीमा अँड मीना आर सिस्टर्स.” (याला कम्पाउंड म्हणतात, कारण मध्ये ‘अँड’ आहे.)
५. “बिकॉज आय वॉज इल सो आय टुक लीव्ह.”

विचारायचं ते असं. क्रम काय ठेवावा? ‘फॅनबॉइज’ची ती सात अव्ययं (फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो) सगळी द्यावीत का? आणि नियम मराठीतून सांगितले तर चालतं का, की त्याने नुकसानच होतं?

खडू_आणि_डस्टर

ताई, व्याख्या काही दिवस बाजूला ठेवा. ‘एक उद्देश्य, एक विधेय म्हणजे साधं वाक्य’ हे वाक्य ज्याला उद्देश्य आणि क्रियापद हुडकता येतं त्याच्याच कामाचं. तुमच्या पाच वाक्यांपैकी पहिलं, तिसरं आणि चौथं जोडणीमुळे बिघडलेलंच नाही. तिथे कर्ता किंवा क्रियापद दिसलेलं नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी क्रियापद, मग कर्ता, मग वाक्य तोडणं, आणि जोडणं सगळ्यात शेवटी. पुस्तकात जोडणं आधी येतं, तिथेच घोटाळा होतो.

क्रियापद कसं ओळखायचं? ‘क्रिया दाखवणारा शब्द’ सांगू नका. काळ बदलून दाखवा. फळ्यावर लिहा: “शी वॉन्ट्स टु बाय अ साडी.” आता शेवटी ‘यस्टरडे’ लावा. काय बदललं? ‘वॉन्ट्स’चं ‘वॉन्टेड’. ‘टु बाय’ होतं तसंच राहिलं. जे बदललं ते या वाक्याचं क्रियापद. मग “ही इज सिटिंग इन द गार्डन” घ्या. ‘इज’चं ‘वॉज’ झालं, ‘सिटिंग’ हललं नाही. तरी ही दोन क्रियापदं मोजायची नाहीत, ‘इज सिटिंग’ मिळून एक. इथेच तुमचं तिसरं वाक्य सुटतं. ‘इज गो’ लिहिणाऱ्याला दोन साचे एकत्र झालेत हे दिसलेलं नसतं: ‘गोज’ तरी लिहा, नाहीतर ‘इज गोइंग’. ‘जातो आहे’मधला ‘आहे’ तिथे येऊन बसतो. आणि हो, त्या वाक्याची जोडणी अगदी बरोबर आहे. तिच्यावर लाल रेघ मारू नका.

एक पथ्य: पहिल्या दिवशी ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’, ‘शट’ ही क्रियापदं घेऊ नका. भूतकाळात ती बदलतच नाहीत, मग परीक्षा फसते आणि वर्ग तिथेच अडकतो.

आता कर्ता. क्रियापदाच्या आधी ‘हू’ किंवा ‘व्हॉट’ लावून विचारायचं: हू वॉन्ट्स? व्हॉट वॉज क्लोज्ड? उत्तर वाक्यात लिहिलेलं सापडलं पाहिजे, मनातलं चालणार नाही. हे आपल्या लोकांना जड का जातं? मराठी क्रियापद कर्त्याची खूण अंगावर घेऊन येतं. ‘आलो’, ‘आलास’, ‘आली’ म्हटलं की कोण ते कळतं, कर्ता गाळला तरी अडत नाही. इंग्रजी ‘केम’ काहीच सांगत नाही. त्यातून ‘मी पोहे खाल्ले’मध्ये क्रियापद पोह्यांच्या मागे जातं आणि ‘मला भूक लागली’मध्ये भुकेच्या. मराठीच्या सवयीने कर्ता शोधायला गेलं की चुकायला होतंच.

‘इट’साठी अर्धा तास वेगळा काढा, वाया जाणार नाही. ‘पाऊस पडतोय’, ‘उशीर झाला’, ‘अंधार पडला’, ‘बरं झालं’, ‘लांब आहे’. अशी दहा वाक्यं तोंडी द्या आणि प्रत्येकाची सुरुवात ‘इट’नेच करून घ्या. “इट इज रेनिंग.” “इट इज लेट.” “इट इज फार फ्रॉम हिअर.” हे बसलं की “बट वॉज क्लोज्ड” आपोआप कमी होतं. मराठीत ‘सराफ्यात गेलो पण बंद होता’ हे निर्दोष आहे, म्हणून तर त्यांना त्यात काही खटकत नाही.

मग तोडणं. जुन्या कॅलेंडरची पानं मागून कोरी असतात, त्यांच्या चार बोटं रुंद पट्ट्या कापा. एका पट्टीवर एक वाक्य, मोठ्या अक्षरात, मार्करने. जोडीला एक कात्री. सूचना एवढीच: जोडणारा शब्द कापून बाजूला काढा आणि उरलेल्या दोन्ही तुकड्यांच्या शेवटी पूर्णविराम द्या. दोन्ही तुकडे आपापल्या पायावर उभे राहिले तर कम्पाउंड. एक जरी पडला तर नाही. “सीमा” आणि “मीना आर सिस्टर्स” असे तुकडे झाले की चौथ्या वाक्यावर वेगळं बोलावंच लागत नाही. “वॉज क्लोज्ड” एकटं उरलं की वर्गातलंच कुणीतरी विचारतं, काय बंद होतं?

कात्री नुसती गंमत म्हणून नाही. वहीत रेघ मारली तर डोळा आख्खं वाक्य वाचत राहतो आणि मनातला कर्ता भरून घेतो. तुकडा हातात आला की ती सोय उरत नाही.

शेवटच्या पट्ट्या अशा द्या की चर्चा होईल:

“राजू केम होम अँड एट डिनर.”
“राजू केम होम, अँड ही एट डिनर.”
“राजू केम होम, अँड हिज ब्रदर लेफ्ट.”

पहिलं साधं. कर्ता एक, त्याची क्रियापदं दोन. दुसरं तांत्रिकदृष्ट्या कम्पाउंड, पण ‘ही’ची गरज नव्हती. तिसऱ्यात कर्ताच बदललाय, तिथे तो लिहिल्याशिवाय सुटका नाही. मोठ्यांना लिहिताना उपयोगी पडेल असा नियम यातूनच निघतो: माणूस तोच असेल तर दुसऱ्यांदा लिहायलाच हवा असं नाही, बदलला तर लिहायलाच हवा.

‘-ऊन’चं जाता जाता सांगतो. ‘आंघोळ करून, डबा घेऊन ऑफिसला गेले’ याचं “आफ्टर टेकिंग बाथ अँड टेकिंग टिफिन आय वेन्ट” असं करतात. चूक फारशी नाही, पण लांबत जातं आणि तिसऱ्या क्रियेला गुंता होतो. इंग्रजीत सगळ्या क्रिया एकाच काळात एकामागून एक लिहाव्यात: “आय हॅड अ बाथ, पॅक्ड माय लंच अँड वेन्ट टु ऑफिस.” वाक्य साधंच, कर्ता एकच.

तिसरी_ओळ

वरच्याला जोडून. ‘साधं’ म्हणजे ‘लहान’ हा समज पहिल्याच दिवशी मोडा, नाहीतर लांब वाक्य दिसलं की कम्पाउंड म्हणतात. दोन वाक्यं शेजारी लिहा:

“द ओल्ड मॅन इन द ब्लू शर्ट सेल्स हॉट गराडू निअर राजवाडा एव्हरी इव्हनिंग इन विंटर.”
“आय रॅन, बट ही वॉक्ड.”

पहिल्यात शब्द भारंभार, क्रियापद एकच: ‘सेल्स’. साधं वाक्य. दुसरं एवढंसं, तरी कम्पाउंड.

आणि आज्ञार्थ विसरू नका. “क्लोज द डोअर” यात कर्ता लिहिलेला नाही, पण वाक्य पूर्ण आहे, ‘यू’ गृहीत. कर्त्यासाठी हट्ट धरल्यावर हा प्रश्न पाचव्या मिनिटाला येतोच, उत्तर तयार ठेवा.

उभयान्वयी

सात अव्ययं देऊ नका. चार द्या: अँड, बट, ऑर, सो. ‘फॉर’ हा ‘कारण’ या अर्थाने हल्ली बोलण्यात येत नाही, शिवाय ‘साठी’चा ‘फॉर’ त्यांना आधीच माहीत असतो, तो मध्ये घुसतो. ‘नॉर’नंतर शब्दक्रम उलटतो (“शी डझ नॉट ड्राइव्ह, नॉर डझ शी वॉन्ट टु लर्न”), ते या पातळीवर कशाला? ‘येट’ वाचताना भेटला की सांगा, ‘बट’चा भाऊ.

चारच का, याचं आणखी एक कारण आपल्याच व्याकरणात आहे. मराठी शाळेत शिकलेल्या तुमच्या त्या दोघी-तिघींना प्रधानत्वसूचक (म्हणजे दोन स्वतंत्र वाक्यं जोडणाऱ्या) उभयान्वयी अव्ययांचे चार प्रकार आठवत असतील: समुच्चयबोधक आणि, विकल्पबोधक किंवा, न्यूनत्वबोधक पण, परिणामबोधक म्हणून. तेच अँड, ऑर, बट, सो. आख्खा तक्ता जसाच्या तसा बसतो. तेव्हा नियम मराठीतून सांगायला काहीच हरकत नाही, अर्धं काम आधीच झालेलं आहे. उदाहरणं आणि सराव मात्र इंग्रजीतूनच. हिंदी माध्यमवाल्यांना नावं सांगत बसू नका. और, या, लेकिन, इसलिए म्हटलं की पुरे.

शिकवताना चार वेगळी वाक्यं घेऊ नका. एकच सुरुवात घ्या आणि शेपूट बदला:

“इट वॉज रेनिंग, अँड देअर वॉज नो बस.”
“इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट टु छप्पन दुकान.”
“इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड अॅट होम.”

पाऊस तोच आहे. अव्यय बदललं की पुढे काय येणार याचा अंदाज बदलतो, हे असं शेजारी ठेवल्यावरच दिसतं. मग अर्धंच वाक्य द्या, “द शॉप वॉज ओपन, बट…”, आणि पुरं करायला सांगा. “बट आय बॉट मिल्क” असं कुणी लिहिलं तर व्याकरण ठीक, अर्थ चुकला. दुकान उघडं होतं आणि दूध घेतलं, यात ‘पण’ कशाला? अशा चुका व्याकरणाच्या चुकांपेक्षा जास्त वेळ घेऊन सोडवाव्यात. ‘ऑर’ला पाऊस जमत नाही, त्याला वेगळी सुरुवात द्या: “वी कॅन टेक द बस, ऑर वी कॅन वॉक.” मग ‘नाहीतर’वाला: “टेक अॅन अम्ब्रेला, ऑर यू विल गेट वेट.” हा दुसरा ‘ऑर’ मुद्दाम शिकवावा लागतो. तो माहीत नसला की लोक ‘अदरवाइज’ वापरतात आणि त्याच्या आधी नुसता स्वल्पविराम देतात, तो तिथे पुरत नाही.

तुमचं दुसरं वाक्य याच जातीचं. ‘दॅट्स व्हाय’ हे जोडणारं अव्यय नाही. त्यात स्वतःचा कर्ता ‘दॅट’ आणि क्रियापद ‘इज’ आहे, म्हणजे तिथून नवं वाक्य सुरू होतं. स्वल्पविरामावर दोन पूर्ण वाक्यं टांगली गेली. इसलिए आणि म्हणून यांच्या जागी सर्रास येतं हे. दोन मार्ग: पूर्णविराम देऊन “दॅट्स व्हाय आय डिड नॉट कम” वेगळं लिहा, नाहीतर ‘सो’ घाला. ‘देन’चंही तसंच, “आय कुक्ड, देन आय एट” ऐवजी ‘अँड देन’. भिंतीवर एक कागद लावा: ‘हे जोडत नाहीत’, आणि त्याखाली दॅट्स व्हाय, देन, अदरवाइज, आल्सो.

‘म्हणून’मध्ये एक खड्डा आहे. ‘पाऊस होता म्हणून गेलो नाही’ याचा ‘सो’ होतो. ‘लवकर पोचावं म्हणून रिक्षा केली’ याचा होत नाही, कारण ते उद्देशबोधक आहे. तिथे “आय टुक अॅन ऑटो टु रीच अर्ली”. खूण सोपी: म्हणूनच्या आधी ‘-वं’, ‘-वा’, ‘-वी’ आलं की ‘सो’ नको.

स्वल्पविराम: दोन्ही बाजू स्वतंत्र वाक्यं असतील तर अव्ययाच्या आधी. फार लहान असतील तर गाळलेलाही चालतो, पण शिकताना नेहमी द्यायला लावा. “केम होम अँड एट”मध्ये द्यायचा नाही. म्हणजे खडूंच्या कात्रीचा निकाल हाच स्वल्पविरामाचा निकाल.

पाचव्या वाक्याबद्दल: ‘बिकॉज’ आणि ‘सो’ दोन्ही नकोत, एक ठेवा. ‘चूँकि… इसलिए’, ‘जरी… तरी’, ‘जर… तर’ अशी जोडी वापरायची आपली सवय आहे. इंग्रजीला एकाच बाजूने कडी पुरते. पण ‘बिकॉज’ मुळात या धड्यात आणूच नका. ते गौणत्वसूचक, म्हणजे एक तुकडा दुसऱ्यावर टेकलेला, वाक्य मिश्र होतं. जोडवाक्य पक्कं झाल्यावर घ्या.

पाटी_पेन्सिल

उभयान्वयी, बाकी सगळं मान्य, शेवटचं नाही. रजेचा मेल लिहायला आलेल्या माणसाला ‘बिकॉज’ पुढच्या महिन्यात देऊ असं कसं सांगणार? कौन्सिल ऑफ युरोपची भाषापातळ्यांची चौकट बघा, सीईएफआर, २००१ सालची. सगळ्यात खालच्या ए-१ पातळीला ‘अँड’ आणि ‘देन’ यांसारखे दुवे अपेक्षित आहेत, आणि लगेच पुढच्या ए-२ला ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’. तिथे सिंपल, कम्पाउंड, कॉम्प्लेक्स असा क्रम पाळलेला नाही, कारण बोलण्यात तो क्रम नसतोच. ‘बिकॉज’ वापरू द्या, फक्त त्या वाक्याला नाव विचारू नका. वर्गीकरण हे परीक्षेचं काम आहे आणि यांची कुठलीही परीक्षा नाही.

तसं पाहिलं तर ‘कम्पाउंड’ हे नावसुद्धा त्यांना कळलं नाही तरी चालेल. पण ते शाळेत शिकलेत, त्यांना त्या नावाचा हिशोब पुरा करायचा असतो. करू द्यावा.

उभयान्वयी

वापरू द्या, ठीक. माझा आग्रह वेगळं ठेवण्याचा आहे, लपवण्याचा नाही. भिंतीवर चार अव्ययं एका रंगात, ‘बिकॉज’ दुसऱ्या रंगात. फरक दाखवायला नावं लागत नाहीत, वाक्य उलटं करून बघायचं:

“आय टुक लीव्ह बिकॉज आय वॉज इल.”
“बिकॉज आय वॉज इल, आय टुक लीव्ह.”

दोन्ही चालतात. ‘बिकॉज’ आपला तुकडा घेऊन पुढे येऊ शकतं. आता ‘सो’ हलवा: “सो आय टुक लीव्ह, आय वॉज इल.” अर्थच लागत नाही. ‘म्हणून रजा घेतली, मी आजारी होते’ मराठीतही लंगडतं, त्यामुळे समजवावं लागत नाही. जोडणारी चार अव्ययं मधली जागा सोडत नाहीत, एवढं सांगा.

‘बिकॉज’ देताच असाल तर ‘बिकॉज ऑफ’ही त्याच दिवशी द्या. “बिकॉज ऑफ इट वॉज रेनिंग” फार ऐकू येतं. ‘ऑफ’पुढे फक्त नाम: “बिकॉज ऑफ द रेन.” पुढे क्रियापद येणार असेल तर ‘ऑफ’ नाही.

सांजवर्ग_इंदूर

केवढं दिलंत सगळ्यांनी! कात्रीची आणि पावसाची वाक्यं या आठवड्यात घेते. आणखी दोन गोष्टी विचारते. सव्वा तासात हे कसं बसवावं? आणि वह्या तपासताना काय करावं? कर्ता घाला, कर्ता घाला म्हटल्यावर एकाने आता “माय ब्रदर ही वर्क्स इन देवास” असं लिहायला सुरुवात केलीय. दुसरी एक ‘अँड’ने जोडत पानभर जाते, पूर्णविरामच नाही.

खडू_आणि_डस्टर

सव्वा तासात सगळं बसवू नका, चार वर्गांत पसरा. पहिला क्रियापदाचा आणि ‘इट’चा. दुसरा कर्त्याचा आणि तोडण्याचा. तिसऱ्यात अँड आणि बट, चौथ्यात सो आणि ऑर. चौघांना एकाच दिवशी आणलं तर ‘सो’ आणि ‘अँड’ हमखास एकमेकांच्या जागी जातात.

तोडण्याचा वर्ग असा. पहिली १० मिनिटं मागच्या वर्गातली क्रियापदं, काळ बदलून, तोंडी. मग १५ मिनिटं फळ्यावर सहा वाक्यं: क्रियापदाखाली दोन रेघा, कर्त्याखाली एक. ही खूण शेवटपर्यंत बदलू नका. पुढची २० मिनिटं पट्ट्या. अकरा जण म्हणजे चार जोड्या आणि तिघांचा एक गट, प्रत्येक गटाला आठ पट्ट्या. त्यातल्या तीन कम्पाउंड, तीन साध्या पण ‘अँड’वाल्या, दोन मोडक्या. मोडक्या पट्ट्या दुरुस्त करून परत लिहायच्या. नंतर १५ मिनिटं स्वतःबद्दल लिहिणं, चारच वाक्यं, त्यातली दोन कम्पाउंड. उरलेल्या वेळात दोन-तीन वाक्यं फळ्यावर घेऊन सगळ्यांनी मिळून कापायची. कुणाचं ते सांगू नका. साठीतल्या माणसाला पंचविशीतल्यांसमोर चूक काढलेली आवडत नाही, आणि पुढच्या वेळी तो लिहीतच नाही.

(तुमच्या वर्गात अठ्ठाविशीतले आहेत हे वाचलंय, मुद्दा तोच.)

पट्ट्यांवरची वाक्यं त्यांच्या व्यवहारातली घ्या. “माय डॉटर हॅज फीव्हर, सो शी विल नॉट कम टु स्कूल टुडे.” “आय फिल्ड द फॉर्म, बट द बँक वॉज क्लोज्ड.” “द ज्वेलरी शॉप्स क्लोज अॅट नाइट, अँड द फूड स्टॉल्स ओपन.” हे शेवटचं, म्हणजे आपला सराफा, इंदूरकराला समजावून सांगावं लागत नाही, सगळं लक्ष जोडणीवरच राहतं. मांजर आणि चटईवाली वाक्यं मोठ्यांना देऊ नका, त्यांना ती बोचतात.

तपासणी. एका वेळी एकाच प्रकारची चूक. या आठवड्यात कर्ता तर फक्त कर्ता, स्पेलिंग आणि ‘अ’, ‘द’ यांच्याकडे कानाडोळा. दुरुस्त शब्द तुम्ही लिहू नका. कर्ता नसेल तिथे रिकामा चौकोन काढा, क्रियापद नसेल तिथे त्रिकोण, स्वल्पविराम चुकला असेल तर त्याला गोल. भरायचं काम त्यांचं. वही परत आली की चौकोन भरलाय का एवढंच बघा.

“माय ब्रदर ही” होणारच होतं, काळजी करू नका, नियम पोचल्याची ती खूण आहे. त्यालाच विचारा: ‘वर्क्स’ कोण? उत्तरं दोन मिळाली की एक खोडायला सांगा. एका क्रियापदाला एकच खुर्ची. ‘माय ब्रदर अँड आय’ ही दोघं मिळून एका खुर्चीवर बसतात, हेही तेव्हाच सांगा, नाहीतर तो त्यातला एक भाऊ खोडेल.

‘अँड’ची माळ घालणाऱ्या बाईंसाठी: एका पूर्णविरामाआधी जोड एकच, फार तर दोन. पान परत द्या आणि सगळे ‘अँड’ मोजायला लावा. मग प्रत्येकासमोर तीनच पर्याय: तिथे पूर्णविराम द्या, ‘सो’ किंवा ‘बट’ करा, नाहीतर राहू द्या. चार-पाच वाक्यांनंतर त्यांचं त्यांना दिसायला लागतं की निम्म्या ठिकाणी खरं म्हणजे ‘सो’ हवा होता.

तिसरी_ओळ

स्वल्पविरामाचं एक राहिलं. “आय वेन्ट देअर बट, इट वॉज क्लोज्ड” असं बरेच जण लिहितात, अव्ययाच्या नंतर स्वल्पविराम. आपण बोलताना ‘गेलो होतो पण… बंद होता’ असं ‘पण’वर थांबतो, तोच थांबा कागदावर उतरतो. नियम सांगून हे जात नाही. मोठ्याने वाचून घ्या: “आय वेन्ट देअर”, थांबा, “बट इट वॉज क्लोज्ड” एका दमात. अव्यय पुढच्या तुकड्याला चिकटलं पाहिजे. पट्टी कापताना पहिल्या फेरीत अव्यय वेगळं काढलं, तर दुसऱ्या फेरीत ते पुढच्या तुकड्याला टाचणीने लावायला द्या आणि तसंच वाचायला सांगा. जिथे दोन कागद भेटतात तिथे स्वल्पविराम.

सांजवर्ग_इंदूर

टाचण्या आणि कात्र्या गुरुवारी आणते. खडूकाका, त्या आठ पट्ट्यांमधल्या मोडक्या दोन कुठल्या ठेवू? “वॉज क्लोज्ड”वाली एक ठरली.

खडू_आणि_डस्टर

दुसरी क्रियापद नसलेली ठेवा: “माय सन इन क्लास टेन, अँड माय डॉटर इज इन कॉलेज.” उजवीकडचा ‘इज’ दिसत असतो, म्हणून डावीकडचा गेलेला चटकन लक्षात येत नाही. कापल्यावर येतो. तोच पत्ता आधी कुणाला लागला नाही तर पट्टीला ‘यस्टरडे’ नाही, ‘लास्ट इयर’ लावून वाचायला सांगा, काय बदलायचं तेच सापडणार नाही.